क्षितिज गाळल्यावर

१९२२ च्या उन्हाळ्यात आल्फ्रेड स्टिग्लिट्झ ५८ वर्षांचा होता. छायाचित्रणाला कलेच्या पंगतीत बसवण्यासाठी त्याने तोवर तीसेक वर्षं वाद घातले होते, मासिकं चालवली होती, दालन उघडलं होतं आणि बंदही केलं होतं. दर उन्हाळ्यात तो न्यूयॉर्क शहर सोडून उत्तरेकडच्या लेक जॉर्ज या सरोवराकाठी, घरच्या जुन्या वाडीवर जाऊन राही. त्या वर्षी वाडीवर मन रमावं असं फारसं काही उरलं नव्हतं. आई शेवटच्या आजारात होती. मालमत्तेला उतरती कळा लागली होती, आवारातली चेस्टनटची झाडं वाळत चालली होती आणि सत्तरीचा कोचमन ३७ वर्षांच्या म्हाताऱ्या घोड्याला कसंबसं जगवत होता.

अशात वाल्डो फ्रँक या लेखकाचं एक मत त्याच्या कानावर आलं. स्टिग्लिट्झच्या छायाचित्रांची खरी ताकद म्हणजे तो समोरच्या माणसावर घालतो ती मोहिनी, असं फ्रँकचं म्हणणं. स्टिग्लिट्झला ते फार लागलं. माणसाला भारून टाकता येईल, पण ढगाला कसं भारणार? त्याने कॅमेरा वर आभाळाकडे वळवला. पुढच्या वर्षी, १९२३ मध्ये, त्याने एका ब्रिटिश छायाचित्रण साप्ताहिकात या साऱ्याची हकीकत लिहिली. ढग सगळ्यांसाठी आहेत, ते फुकट आहेत, त्यांच्यावर अजून कर बसलेला नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्या लेखात आहे. निसर्गातून अमूर्त छायाचित्र काढण्याच्या परंपरेचा एक मोठा प्रवाह या वाडीच्या अंगणातून निघाला.

आज फोनवर कुणीही ढग टिपतो, त्यामुळे यात अवघड ते काय, असं वाटू शकतं. एकोणिसाव्या शतकात ते खरोखर अवघड होतं. त्या काळच्या काचेच्या प्लेटांवरचा लेप प्रामुख्याने निळा प्रकाश ओळखायचा. निळं आभाळ आणि पांढरा ढग त्याच्या लेखी जवळजवळ सारखेच, दोन्ही लख्ख. छापल्यावर वर नुसता कोरा कागद दिसे. ग्युस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी प्रसिद्ध दृश्यं केली, त्यांतल्या काहींत समुद्राची निगेटिव्ह वेगळी आणि आभाळाची वेगळी आहे. दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडलेली. म्हणजे क्षितिज हा तेव्हा अक्षरशः सांधा होता.

हा पेच सोडवण्याची वाट बर्लिनमध्ये सापडली. हर्मान फोगेल या रसायनतज्ज्ञाच्या १८७३ मध्ये असं लक्षात आलं की लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर तो हिरवा-पिवळा प्रकाशही टिपू लागतो. पुढे त्याच वाटेने सगळे रंग ओळखणारा पॅनक्रोमॅटिक लेप तयार झाला. पिवळी काच लावून निळा प्रकाश अडवला की आभाळ गडद येतं आणि ढग उठून दिसतो. हा फोगेल १८८०च्या दशकात स्टिग्लिट्झचा शिक्षक होता. तरुणपणी स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन गावी नव्या प्लेटांचे प्रयोग करताना ढगांनी आपल्याला कसं छळलं होतं, हे स्टिग्लिट्झने १९२३ च्या त्या लेखात नमूद केलं आहे. फ्रँकचं मत हे निमित्त झालं. ढगांशी जुना हिशेब पस्तीस वर्षं बाकी होताच.

१९२२ ची पहिली दहा चित्रं मोठ्या, तिवईवरच्या कॅमेऱ्याने काढलेली आहेत. त्या मालिकेचं नाव ‘म्युझिक’. त्यांत खाली टेकडीची काळी कड आहे, कुठे घर आहे; वर ढगांची उलथापालथ चालली असली तरी पाय जमिनीवर आहेत. पुढच्या वर्षी त्याने हातात धरायचा चार बाय पाच इंचांचा ग्राफ्लेक्स घेतला आणि मान वर करून तो थेट डोक्यावरचं आभाळ टिपू लागला. टेकडी गेली. झाडांचे शेंडे मधूनमधून डोकावत राहिले, मग तेही बहुतेक चित्रांतून गेले. क्षितिज गळलं, आणि त्याबरोबर वर-खाली कुठलं, दूर-जवळ काय, किती वाजले, हे सारं गळलं. उरल्या त्या काळ्या-करड्या-पांढऱ्या हालचाली. १९२५ पासून तो या चित्रांना ‘इक्विव्हॅलंट’ म्हणू लागला. ढग हा आपल्या मनातल्या एखाद्या अवस्थेचा समतुल्य आहे, असा त्याचा भाव. १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत अशी दोनशेहून अधिक चित्रं झाली.

ती प्रत्यक्षात किती लहान आहेत, हे पुस्तकातून कळत नाही. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेली, म्हणजे पोस्टकार्डाहूनही आखूड. एवढ्याशा कागदावर अख्खं आभाळ. भिंतीपासून चार पावलांवर उभं राहून ती पाहताच येत नाहीत. नाक टेकेल इतकं जवळ जावं लागतं. मोठं करून छापली असती तर त्यांच्यातला निम्मा जोर गेला असता, असं वाटतं.

या चित्रांना संग्रहालयाचं दार उघडून देणाऱ्यांत एक आपल्याकडचं नाव आहे. आनंद कुमारस्वामी. कोलंबोत जन्मलेले, भारतीय शिल्प आणि चित्रकलेचे थोर अभ्यासक, तेव्हा बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये संग्रहालयाने स्टिग्लिट्झची २७ छायाचित्रं भेट म्हणून स्वीकारली. अमेरिकेतल्या मोठ्या कलासंग्रहालयाने छायाचित्रांना कलाकृती म्हणून आत घेण्याच्या अगदी सुरुवातीच्या घटनांपैकी ही एक. नटराजाच्या मूर्तीवर लिहिणाऱ्या माणसाला ढगांची ही चित्रं जवळची वाटावीत, यात नवल नाही. मूर्ती म्हणजे दिसणाऱ्याची नक्कल नसते, हे ते आयुष्यभर सांगत आले होते.

मात्र स्टिग्लिट्झच्या आधी निसर्गातून अमूर्त आकार कुणी काढलेच नव्हते असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्यांनी काढले त्यांना तसं काही करायचं नव्हतं, एवढंच. ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी १८४३ पासून समुद्री शेवाळं रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरली आणि गर्द निळ्यावर पांढरे ठसे उमटवले. हेतू वनस्पतिशास्त्राचा, पण पानं उलटताना शास्त्र विसरायला होतं.

आणि व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली. त्याच्याबद्दल घाईने लिहिणं जमत नाही. आईने दिलेल्या सूक्ष्मदर्शकाला भात्याचा कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने हिमाच्या एका कणाचं छायाचित्र घेतलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. काम चाले घरामागच्या न तापवलेल्या पडवीत, कारण उबेत कण टिकत नाही. काळ्या पाटीवर पडणारं हिम झेलायचं, बरा दिसणारा कण बारीक काडीने उचलून काचेवर ठेवायचा, पिसाने हलकेच दाबायचा, आणि हे सगळं श्वास रोखून, कारण एक उसासा पुरे. नंतर निगेटिव्हच्या प्रतीवर कणाभोवतीचा लेप तो चाकूच्या टोकाने तासन्‌तास खरवडून काढी, म्हणजे छापल्यावर पार्श्वभूमी निखळ काळी येई. दिवसा गाई आणि शेत, हिवाळ्यात हे. चाळीसहून अधिक हिवाळ्यांत पाच हजारांवर कण त्याने टिपले. त्यांतले दोन हजारांहून अधिक १९३१ च्या अखेरीस पुस्तकरूपात आले, आणि त्याच डिसेंबरात, हिमवादळातून चालत घरी आल्यावर झालेल्या न्यूमोनियाने तो गेला. आपण अमूर्त कला करतो असं त्याला कुणी सांगितलं असतं तर तो गोंधळला असता. पण त्याच्या काळ्या चौकटीत क्षितिज नाही, मोजपट्टी नाही, जागा नाही. स्टिग्लिट्झ ज्या ठिकाणी विचार करत पोचला, तिथे हा शेतकरी आपल्या गोठ्याजवळून आला होता.

स्टिग्लिट्झचं शेवटचं दालन १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर, ५०९ क्रमांकाच्या इमारतीत सुरू झालं. नाव ‘ॲन अमेरिकन प्लेस’. पुढची सतरा वर्षं, तो जाईपर्यंत, ही जागा म्हणजे छायाचित्रकारांची वारीच होती. येणाऱ्यांपैकी कितीतरी जण इथून काहीतरी घेऊन आपापल्या गावी परतले आणि तिथल्याच ऋतूंवर काम करत राहिले. आपापल्या गावी परतले, ही यातली महत्त्वाची गोष्ट. या परंपरेत हिंडफिऱ्यांपेक्षा एका जागी ठाण मांडून बसणारे जास्त आहेत. एकच ओढा, एकच उतार, एकच पुळण दहा-वीस वर्षं पाहिल्याशिवाय त्यातलं काय वगळायचं हे कळत नसावं.

डेट्रॉइटचा हॅरी कॅलहन घ्या. मोटारींच्या कारखान्यात कारकून, छायाचित्रणात पूर्ण स्वशिक्षित. १९४१ मध्ये ॲन्सेल ॲडम्स डेट्रॉइटच्या हौशी मंडळापुढे बोलायला आला. त्याची चित्रं पाहून कॅलहनला लख्ख काहीतरी उमगलं. ॲडम्सची शिकवण अशी, की काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या सगळ्या छटा चित्रात जपल्या पाहिजेत. कॅलहन शहराबाहेरच्या साध्या पाणथळ जागी गेला आणि त्याने मधल्या छटा काढूनच टाकल्या. १९४३ च्या एका चित्रात बर्फ इतका पांढरा छापला आहे की तो बर्फ आहे हेही उमगू नये. त्यावर वाळलेल्या तणाच्या चार-सहा काड्या, कोऱ्या कागदावर बोरूने ओढल्यासारख्या. यात कॅमेऱ्याची करामत थोडी आणि हिवाळ्याची जास्त आहे. माती, कचरा, पाऊलवाट, कुंपण, सगळं बर्फाने आधीच झाकून ठेवलं होतं. छायाचित्रकाराने तेवढं ओळखलं आणि छपाईत पुरं केलं.

छायाचित्रकार मायनर व्हाइट १९४६ च्या सुरुवातीला मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या दालनात जाऊन स्टिग्लिट्झला भेटला. त्याच वर्षी जुलैत स्टिग्लिट्झ गेला. ढगांच्या ‘समतुल्य’ या कल्पनेचा पुढचा सांभाळ व्हाइटने केला: शिकवून, लिहून आणि १९५२ मध्ये काही सोबत्यांसह ‘ॲपर्चर’ हे त्रैमासिक काढून. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या कडाक्याच्या थंडीत राहत्या घराच्या खिडकीवर धरलेलं हिम त्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा पुन्हा टिपलं. काचेवरचं हिम फार तर काही तास टिकतं. त्यात त्याला डोंगर दिसत, आकाशगंगा दिसत, कधी नुसतं मौन दिसे. झेन साधनेच्या ओढीतून त्याने या चित्रांचे क्रम लावले. एक चित्र सुटं पाहायचं नाही, मागच्या-पुढच्यासह पाहायचं, असा त्याचा आग्रह. त्याचं लेखन कधी कधी अति गूढ होतं. हिमाची चित्रं मात्र त्या गूढ बोलण्यावाचूनही उभी राहतात.

रंगाची गोष्ट निराळी. एलियट पोर्टर हार्वर्डमध्ये जीवरसायन शिकवणारा डॉक्टर. १९३८-३९ च्या हिवाळ्यात स्टिग्लिट्झने त्याचं प्रदर्शन आपल्या दालनात लावलं आणि त्यानंतर पोर्टरने नोकरी सोडली. नंतर तो रंगांकडे वळला, तेव्हा कलेच्या क्षेत्रात रंगीत छायाचित्र म्हणजे जाहिरातीचा माल समजला जाई. १९६२ मध्ये सिएरा क्लब या निसर्गसंवर्धन संस्थेने त्याचं जे पुस्तक काढलं, त्यात थोरो या निसर्गलेखकाचे उतारे आणि पोर्टरची चित्रं वसंतापासून हिवाळ्यापर्यंत ऋतूंच्या क्रमाने लावली आहेत. थोरोची जोड देण्याची कल्पना पत्नी ॲलिन यांची. पानं उलटताना जाणवतं, की आभाळ जवळजवळ नाहीच. चौकट काठोकाठ पानांनी, फांद्यांनी, पाण्यावरच्या रंगांनी भरलेली. लांबून पाहिलं तर ठिपके, जवळून पाहिलं तर शरदातलं मेपलचं रान.

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राकाठी, सेनिगालिया नावाचं गाव आहे. छायाचित्रकार मारिओ जाकोमेल्ली १९२५ मध्ये तिथे जन्मला आणि २००० साली तिथेच वारला. नवव्या वर्षी वडील गेले. आई वृद्धाश्रमात कपडे धुवायची. तेराव्या वर्षी तो छापखान्यात कामाला लागला, आणि पुढे त्या आश्रमातल्या एका म्हातारीने दिलेल्या पैशांवर त्याने स्वतःचा छापखाना टाकला. १९५३ च्या नाताळात पहिला कॅमेरा घेतला. रविवारी, सुटीच्या वेळी तो भोवतालच्या मार्के प्रांतातल्या टेकड्यांवर जाई. एका टेकडीवर उभं राहून समोरची टेकडी अशी धरायची की वर आभाळाची पट्टी येताच कामा नये, सगळं शेतच. मग भडक काळा-पांढरा कागद वापरून छापायचं. शाईत आयुष्य गेलेल्या माणसाचा काळा रंग आहे तो. नांगराची तासं लाकडावर कोरलेल्या रेघांसारखी दिसतात, एकटं झाड शाईच्या डागासारखं, बांध जखमेच्या व्रणासारखा.

आणि इथे एक गोष्ट अशी, जी ऐकून शुद्धतावादी दचकतात. हव्या तशा रेघा मिळाव्यात म्हणून जाकोमेल्ली ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यांना शेतात ठरावीक वळणाने नांगर फिरवायला सांगे. म्हणजे त्याने ढगाची वाट पाहिली नाही, जमिनीवर स्वतःच चित्र काढवून घेतलं. हे लबाडीचं म्हणावं का? त्या टेकड्यांचा इतिहास पाहिला तर तसं म्हणवत नाही. शतकानुशतकं ती जमीन अर्धेलीने कसली जात होती; निम्मं पीक मालकाचं, निम्मं कसणाऱ्याचं. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले, कुळं शहराकडे निघाली, बैल जाऊन यंत्रं आली. जाकोमेल्लीने एकच टेकडी वर्षानुवर्षं पाहिली आणि तिच्यावरच्या रेघा बदलत गेलेल्या टिपल्या. थकत चाललेल्या, ओरबाडल्या गेलेल्या जमिनीबद्दल तो कळवळून बोले. अमूर्त म्हणून पाहिली जाणारी ही चित्रं एका शेतीव्यवस्थेच्या अखेरीची नोंदही आहेत. ढेकळांशी नातं असलेल्या मराठी वाचकाला ती कदाचित न्यूयॉर्कच्या समीक्षकापेक्षा लवकर वाचता येतील.

आता आपल्या किनाऱ्यावरचं किहीम. अलिबागच्या उत्तरेचं हे गाव पक्षिप्रेमींना माहीत आहे ते सलीम अली यांच्यामुळे. १९३० मध्ये त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास इथे केला. याच गावात चित्रकार नसरीन मोहमदी यांच्या कुटुंबाचं समुद्राकाठचं घर होतं. त्यांचा जन्म १९३७ चा, कराचीचा. लहानपणीच मुंबईत आल्या, लंडन-पॅरिसला शिकल्या. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूट या कलाकेंद्रातल्या वर्षांत त्यांचा चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याशी स्नेह जुळला. १९७२ पासून त्या बडोद्याच्या कलाशाखेत शिकवत. त्यांची ओळख आहे ती रेखाचित्रांमुळे. आरेखनाच्या टेबलावर, शाईच्या आखणी-पेनाने ओढलेल्या, विरत जाणाऱ्या, तिरप्या निघून जाणाऱ्या रेषा. शेवटच्या वर्षांत आजाराने हातावरचा ताबा सुटत चालला होता, तरी त्या रेषांत कंप नाही.

याच बाई वर्षानुवर्षं कृष्णधवल छायाचित्रं काढत होत्या. हयात असेपर्यंत त्यांनी ती प्रदर्शनात लावली नाहीत. फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, वाळवंट, मागावरचे ताणे, आणि समुद्रकिनारा.

कोकणची पुळण रोज दोनदा पुसली जाते आणि दोनदा नव्याने लिहिली जाते. अलिबागच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक एवढा, की ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. पाणी मागे सरकताना जड काळी रेती आणि हलकी करडी रेती वेगवेगळी बसते. पाण्याच्या शेवटच्या बोटाची कड रेघ बनून राहते. खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडतात. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, किनारा खरवडल्यासारखा होतो. थंडीत ती हळूहळू परत येते. हे सगळं दर पावलाला बदलतं, आणि डोळे खाली ठेवून चालणाऱ्यालाच दिसतं. नसरीन यांची किनाऱ्यावरची छायाचित्रं अशी खाली पाहून, कॅमेरा तिरपा धरून घेतलेली दिसतात. पाणी आहे की वाळू, सावली आहे की ओल, याचा पटकन पत्ता लागत नाही. स्टिग्लिट्झने मान वर करून क्षितिज गाळलं, नसरीन यांनी मान खाली घालून.

ही छायाचित्रं म्हणजे रेखाचित्रांचा कच्चा खर्डा, असं समजायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. रेखाचित्रात एकही डाग नाही; छायाचित्रात ओल आहे, खारट चकाकी आहे, घसरतं पाऊल आहे. रेषेने जे बाहेर ठेवलं ते इथे राहिलं आहे. म्हणूनच कदाचित त्यांनी ती स्वतःजवळ ठेवली असतील. त्यांवर शीर्षकं नाहीत.

१९९० मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या कामाची जगभर दखल घेतली जायला पुढची दोन दशकं गेली. २०१३ मध्ये दिल्लीत, २०१५ मध्ये माद्रिदमध्ये मोठी प्रदर्शनं झाली. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांपैकी एक नसरीन मोहमदी यांचं होतं. रेखाचित्रं, रोजनिश्या, आणि त्यांच्या सोबतीला ती छायाचित्रंही. इमारतीचा पत्ता ९४५, मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू. ढगांची चित्रं जिथे भिंतीवर लागत, ती ५०९ क्रमांकाची इमारत त्याच रस्त्यावर, दक्षिणेला वीस-बावीस चौक खाली आहे.